नाशिकची ट्राम : मेनरोडवरून सुटायची, नाशिकरोडला पोचायची

मेनरोडकर (धागाकर्ता)

मेनरोडवर जुन्या नगरपालिकेची इमारत आहे. हल्ली तिथे महापालिकेच्या पूर्व विभागाचं कामकाज चालतं. लोक घरपट्टी भरायला येतात, दाखले काढतात, समोर कपडे-भांडी घेतात आणि घरी जातात. याच जागेहून एकेकाळी नाशिकरोड स्टेशनला जाणारी ट्राम सुटायची, हे नाशिकमध्ये जन्म गेलेल्या कितीतरी जणांना ठाऊक नाही. म्हणून हा धागा.

थोडक्यात माहिती अशी. ट्राम सुरू झाली १८८९ साली. दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. एक टोक गावात मेनरोडला, दुसरं नाशिकरोड स्टेशनला, मध्ये साधारण आठ-दहा किलोमीटर. तेव्हा गाव आणि स्टेशन यांच्यामध्ये वस्ती अशी नव्हतीच, दाट झाडी होती. देखभाल आधी ब्रॅडी कंपनीकडे आणि पुढे नाशिक ट्रामवे कंपनीकडे असल्याची नोंद सापडते. १९३३ पर्यंत ट्राम पूर्ण बंद झाली. म्हणजे उणीपुरी ४४ वर्षं.

आगगाडीच्या मानाने ४४ वर्षं म्हणजे काहीच नाहीत. ज्या जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) लोहमार्गाला ती जोडलेली होती, तो आजही दिवसरात्र धावतो आहे. ट्रामचा मात्र एक रूळही जागेवर नाही. आपल्याकडे पेशवाई, गोदाघाट, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, जॅक्सनचा वध यांवर भरपूर लिहिलं जातं आणि लिहिलं जावंच. पण साधी माणसं रोज स्टेशनवर कशी जायची, हाही या गावाचा इतिहास आहे. तो आपण जवळजवळ हरवून बसलो आहोत आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बंद का पडली? दुष्काळ आणि प्लेगमुळे तोटा झाला, असं सगळीकडे एका ओळीत लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहीन, पण आधी तुमच्याकडून ऐकायचं आहे. घरातल्या जुन्या आठवणी, कागद, फोटो, काहीही.

---

शिवाजीनगरची_मृणाल

मला खरंच माहीत नव्हतं! माझी सगळी शाळा मेनरोडजवळ झाली. भारतातली पहिली खाजगी सार्वजनिक वाहतूक नाशिकची होती असं कुठेतरी वाचलं होतं, ते हीच का?

---

रूळवेडा

मृणालताई, हे वाक्य बरंच फिरतं, पण त्यात तथ्य नाही. कोलकात्यात घोड्यांची ट्राम १८७३ मध्ये धावली. मुंबईत ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर घोड्यांची ट्राम सुरू झाली, तीही खाजगी कंपनीची होती. त्या मानाने नाशिक पंधरा वर्षं मागून आलं.

पण पहिलेपणाचा हट्ट सोडला की खरं मोठेपण दिसतं. कोलकाता आणि मुंबई ही इलाख्यांच्या राजधानीची शहरं, लाखोंच्या वस्तीची. नाशिक तेव्हा लहानसं तीर्थक्षेत्र. अशा गावाने स्वतःची ट्राम चालवावी हे खरं कौतुक. दुसरं असं की १८८६ मध्ये इंडियन ट्रामवेज ॲक्ट झाला. त्याआधी मुंबईसाठी १८७४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला होता. १८८६ च्या कायद्याने इतर गावांनाही ट्रामची परवानगी, रस्त्यावरचा हक्क, भाडं या सगळ्याची चौकट मिळाली. तीन वर्षांत नाशिकची ट्राम उभी राहते, हा योगायोग नसावा.

---

गंगापूररोड_निवासी

मूळ प्रश्न वेगळाच आहे. रेल्वे गावात का आली नाही? आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आलोय की तीर्थक्षेत्र बाटेल म्हणून इथल्या मंडळींनी विरोध केला आणि इंग्रजांनी स्टेशन लांब नेलं.

---

रूळवेडा

ही गोष्ट बऱ्याच गावांबद्दल सांगतात. रेल्वेच्या आखणीकडे पाहिलं तर कारण सरळ दिसतं. जीआयपीचं लक्ष्य नाशिक नव्हतंच. मुंबईहून थळ घाट चढायचा, पठारावर यायचं आणि भुसावळमार्गे वऱ्हाडच्या कापसाकडे आणि पुढे उत्तरेकडे जायचं, हा बेत होता. गाडी १८६१ मध्ये कसाऱ्याला पोचली आणि घाट चढून १ जानेवारी १८६५ ला इगतपुरीला. त्यानंतर घोटी, अस्वली, लहवित, देवळाली, नाशिकरोड, पुढे निफाड, लासलगाव, मनमाड. नकाशावर बोट फिरवून बघा, रेघ ईशान्येला जाते आहे. जुनं नाशिक तिच्या डाव्या हाताला राहतं. गावात शिरायचं म्हणजे मुद्दाम वळसा घ्यायचा. त्या काळचा इंजिनिअर चढ-उतार आणि मैल मोजायचा, एका तीर्थक्षेत्रासाठी वळसा त्याने घेतला नसता.

म्हणून ‘नाशिकरोड’. बार्शीसाठी बार्शीरोड होतं, तसंच हे. जिथे जायचं ते गाव नव्हे, तर गावाकडे जाणारा रस्ता जिथे फुटतो ते स्टेशन.

---

पंचवटीची_आजी

मुलांनो, मी ट्राम पाहिलेली नाही, माझा जन्म नंतरचा. पण माझ्या सासूबाईंच्या तोंडी ट्राम असायची. पाहुणे यायचे असले की घरात बोलणं व्हायचं ते ट्रामचंच, गाडीचं नाही. आमचं घर पंचवटीत. ट्राम मेनरोडला थांबायची, तिथून पुढे सामान डोक्यावर घेऊन किंवा हमालाला देऊन, उतार उतरून, गंगा ओलांडून यायचं. पावसाळ्यात गंगेला पाणी आलं की पाहुणे अलीकडेच कुणाकडे तरी उतरायचे. ट्रामने स्टेशन जवळ केलं, पण पंचवटीकरांची पायपीट होतीच, असं त्या सांगायच्या.

---

मेनरोडकर

आजी, तुम्ही फार महत्त्वाचं सांगितलंत. पुढे याच मुद्द्यावर यायचं आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.

---

उपनगर_नाका

मार्गाबद्दल लिहितो. माझं रोजचं येणं-जाणं याच पट्ट्यात. आज शालिमारहून बसने रोडला (नाशिकरोडला आम्ही नुसतं ‘रोड’ म्हणतो) जाताना द्वारका, मग उपनगर, दत्तमंदिर, बिटको असा क्रम लागतो. ट्राम नेमकी कुठून वळायची ते बाजूला ठेवू, पण एक गोष्ट टळत नाही. जुनं नाशिक आणि नाशिकरोड यांच्यामध्ये नासर्डी आहे. ती आगरटाकळीला गोदावरीला मिळते. कुठूनही जा, नासर्डी ओलांडल्याशिवाय रोडला जाता येत नाही. म्हणजे ट्रामला नासर्डी पार करावीच लागत होती. वालदेवी मात्र रोडच्या पलीकडे विहितगावला, तिचा संबंध येत नाही.

मग चढ. गावातून निघालं की नासर्डीच्या पात्राकडे उतार आणि पलीकडे पुन्हा चढ. भरलेले डबे घेऊन घोड्यांचा कस तिथेच लागत असणार. सायकलवर हा रस्ता केलेल्या कुणालाही विचारा.

---

डॉ_वैद्य_पशू

घोड्यांबद्दल माझ्या व्यवसायामुळे थोडं लिहितो.

मातीच्या रस्त्यावर चाक रुततं, खडीवर उसळतं. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरतं तेव्हा घर्षण फारच कमी होतं, म्हणून टांग्याच्या घोड्यापेक्षा ट्रामचा घोडा कितीतरी जास्त ओझं ओढतो. ट्रामचा सगळा हिशोब यावर उभा आहे. सपाटीवर हा फायदा मोठा, पण चढावर तो चटकन संपतो. शिवाय सगळ्यात जास्त ताकद लागते ती थांबलेला डबा पुन्हा हलवताना. प्रत्येक थांब्याला घोड्याच्या खांद्यावर आणि मागच्या पायांवर ताण येतो. त्यामुळे ट्रामचा घोडा दिवसभर चालवता येत नाही, दोन-तीन तासांच्या पाळीनंतर बदलावाच लागतो. म्हणजे जुंपलेले चार असले तरी तबेल्यात त्याच्या अनेक पट घोडे हवेत. मुंबईच्या ट्राम कंपनीकडे सुरुवातीला ९०० घोडे होते म्हणतात, ते याचसाठी.

आता दुष्काळाचा विचार करा. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९००, दख्खनला लागोपाठ दोन मोठे दुष्काळ बसले. रेल्वेच्या इंजिनाला कोळसा बाहेरून आणता येतो. घोड्याला कडबा, गवत, हरभरा रोज लागतो. गाडी धावो न धावो, घोडा खातोच. कडब्याचा भाव चढला की अशा कंपनीचं कंबरडं मोडतं. त्याच सुमारास प्लेग आला. मुंबईत १८९६ मध्ये आणि पुढच्या वर्षी दख्खनभर. लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहू लागले. स्टेशनवर उतरणाऱ्यांची तपासणी व्हायची. यात्रेकरू येणार कुठून?

त्यामुळे मेनरोडकर, दुष्काळ-प्लेगचं कारण अगदीच उडवून लावू नका.

---

मेनरोडकर

डॉक्टरसाहेब, उडवून लावत नाही. त्या पाच-सात वर्षांत कंपनीची कंबर खचली असेल हे मान्य. पण वर्षं बघा. दुष्काळ आणि प्लेगचा तडाखा १८९६ ते १९०० च्या आसपासचा. ट्राम बंद झाली १९३३ पर्यंत. मध्ये तीस वर्षं गेली. जो तोटा तीस वर्षं सोसून ट्राम धावत राहिली, त्याच तोट्याने ती मेली असं कसं म्हणायचं?

उलट ज्या काळात ती बंद पडली तो काळ नाशिकरोडच्या भरभराटीचा आहे. सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये टपालाची तिकिटं छापायला लागला. १९२८ मध्ये नोटांचा छापखाना आला. बाजूला देवळालीचा लष्करी कॅम्प होताच. म्हणजे गाव ते रोड माणसांची ये-जा वाढत होती, आणि नेमकी तेव्हाच ट्राम उठली. गरज संपली म्हणून ती गेली नाही, हे यातून मला स्वच्छ दिसतं.

मग का गेली? माझं मत असं की ती जन्मली त्याच लांबीची राहिली. आजींनी सांगितलं ना, पंचवटीचा माणूस मेनरोडलाच उतरायचा. ज्या यात्रेकरूंच्या जिवावर ही ट्राम उभी राहिली त्यांना जायचं होतं रामकुंडावर, काळारामाला, आणि तिथून त्र्यंबकेश्वरला. ट्राम त्यांना गावाच्या अलीकडच्या कडेवर सोडायची. त्र्यंबक तर पुढे अठ्ठावीस-तीस किलोमीटर, त्यासाठी टांगा किंवा बैलगाडी वेगळी करायची. विसाच्या दशकात मोटारबस आली. तिला रूळ नकोत, तबेला नको, रस्ता सरकारने किंवा लोकल बोर्डाने राखायचा. आणि ती स्टेशनच्या दारातून निघून थेट देवळाच्या दारात नेते. त्यातच १९२९ नंतरची मंदी. अशा वेळी दोन टोकांना बांधलेली घोड्यांची ट्राम टिकूच शकत नव्हती.

मालाचंही तेच. जीआयपीची वाघीण (मालडबा) ट्रामच्या रुळावर येऊ शकत नव्हती. पोती स्टेशनवर उतरवायचीच, आणि एकदा उतरवली की व्यापाऱ्याला बैलगाडी बरी, ती थेट पेढीसमोर उभी राहते.

राहिला सिंहस्थ. या ४४ वर्षांत तीन तरी सिंहस्थ झाले. त्या महिन्यांत ट्राम ओसंडून वाहिली असेल. पण बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या गर्दीवर मधली अकरा वर्षं काढता येत नाहीत.

---

कुर्डुवाडीकर

धागा वाचून राहवलं नाही. मी नाशिकचा नाही, पण मेनरोडकरांच्या म्हणण्याला आमच्याकडचा पुरावा देतो.

बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बांधली, अडीच फुटी लाइन, म्हणजे दोन रुळांमध्ये अडीच फुटांचं अंतर. १८९७ मध्ये बार्शीरोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी एवढीच होती. म्हणजे सुरुवातीची गोष्ट नाशिकसारखीच. मोठा लोहमार्ग गावाला टाळून गेला आणि गावाला स्टेशनशी जोडायला छोटी लाइन आली. मग फरक कुठे पडला?

एक तर ती वाफेच्या इंजिनाची होती. कॅलथ्रॉपने हिशोब असा बसवला की इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर (चाकांच्या जोडीवर) पाच टनांहून जास्त भार यायचा नाही. त्यामुळे दर यार्ड लांबीला तीस पौंड वजनाचे हलके, स्वस्त रूळ पुरले. रूळ हलके, पण वाघिणी लांब आणि दणकट, भरपूर माल घेणाऱ्या. बार्शी ही कापसाची, धान्याची पेठ होती, माल कायम असायचा.

दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, ती वाढत गेली. १९०६ मध्ये पंढरपूर गाठलं. वारकऱ्याला विठोबाच्या गावात नेऊन सोडलं, अलीकडे पाच मैलांवर नाही. १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. मोटारी आल्या तेव्हा ही लाइन शेकडो किलोमीटरची झालेली होती आणि तिच्यावर गावंच्या गावं अवलंबून होती. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. पुढे ब्रॉडगेज होईपर्यंत तीच छोटी गाडी धावली. माझं बालपण त्या गाडीत गेलं. आषाढीला टपावर माणसं बसलेली असायची, डब्यात अभंग चालू असायचे, आणि एवढ्या गर्दीतही म्हातारीला कुणीतरी उठून जागा द्यायचं.

तुमची ट्राम गंगा ओलांडून पंचवटीत गेली असती आणि वाफेवर त्र्यंबकपर्यंत पोचली असती, तर आज तुम्ही तिच्या ब्रॉडगेजवर भांडत असता.

---

उपनगर_नाका

त्र्यंबकला तर आजही रेल्वे नाही.

---

शिवाजीनगरची_मृणाल

कुर्डुवाडीकर, किती सुंदर लिहिलंत. मग पाचोरा-जामनेर आणि विदर्भातली शकुंतला, या पण त्याच जातीच्या का?

---

रूळवेडा

दोन्ही अडीच फुटीच. शकुंतला कापसासाठी, यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर. मालकी खाजगी कंपनीची राहिली, म्हणून तिची गोष्ट फार गुंतागुंतीची आहे, तिला वेगळा धागा हवा. पाचोरा-जामनेर ५६ किलोमीटर, करोनात २०२० मध्ये थांबली. या दोन्हींना निदान शंभर वर्षं मिळाली. नाशिकच्या ट्रामला तीही मिळाली नाहीत, कारण ती रेल्वे नव्हतीच, घोड्यांची ट्रामच होती. तुलना करताना हा भेद सोडून चालणार नाही.

तुलना करायचीच तर मुंबईच्या ट्रामशी करा. तिथेही घोडेच होते, पण १९०७ मध्ये वीज आली आणि मग ती ३१ मार्च १९६४ पर्यंत चालली. मुंबईची वस्ती एवढी की विजेचा खर्च निघायचा. नाशिकच्या आठ-दहा किलोमीटरांवर, मध्ये झाडी असताना, विजेच्या तारा कोण ओढणार होतं?

---

मेनरोडकर

हा भेद मान्य. वाढायला जसं लांब व्हावं लागतं तसं घोडा सोडून पुढेही जावं लागतं, आणि दोन्हीला पैसा लागतो. तो एका छोट्या कंपनीकडे नव्हता. इथे नगरपालिकेने किंवा सरकारने हात द्यायला हवा होता असं मला वाटतं. रस्ता सरकारच्या पैशाने होतो आणि रूळ मात्र कंपनीने स्वतः राखायचे, ही स्पर्धा बरोबरीची नव्हती.

---

सिटीलिंक_प्रवासी

एवढा सगळा इतिहास वाचल्यावर आजचं बोलू का? गाव ते रोड हा प्रश्न सुटलाय कुठे? शहरात आधी एसटीच्या शहर बस होत्या, २०२१ पासून महापालिकेच्या सिटीलिंक आल्या. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली. टायरवर चालणारी मेट्रो निओ, तिची एक मार्गिका गंगापूरहून नाशिकरोड स्टेशनपर्यंत. म्हणजे जो प्रवास १८८९ मध्ये ट्रामने व्हायचा तोच, जरा लांबवलेला. घोषणेनंतर प्रत्यक्षात खांब उभे राहिलेले आपण कुणी पाहिले नाहीत. पहाटे पंचवटी एक्स्प्रेस पकडायची असेल तर अजून रिक्षावाल्याला आदल्या रात्री फोन करून ठेवावा लागतो.

---

गंगापूररोड_निवासी

माझा विरोधाच्या गोष्टीवर विश्वास होता, तो रूळवेडा यांच्या प्रतिसादानंतर गेला. एक सुचवतो. जुन्या नगरपालिकेच्या इमारतीवर एक फलक लावायची मागणी करायची का? ‘नाशिक ट्राम, १८८९ ते १९३३’, मार्ग आणि चार ओळी. २०२७ च्या सिंहस्थाला लाखो लोक येतील. त्यांना गोदाघाटाची माहिती देताना ही पण द्यावी.

---

मेनरोडकर

फलकाला माझा शंभर टक्के पाठिंबा. दुसरा फलक नाशिकरोड स्टेशनबाहेरही हवा. पण त्याआधी कागद गोळा करू. फलकावर चुकीचं वर्ष कोरलं गेलं तर पुढची शंभर वर्षं तेच चालेल.

कुठे शोधायचं ते लिहितो, म्हणजे काम वाटून घेता येईल. नाशिक जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८३ चं, ट्रामच्या आधीचं. त्यात ट्राम सापडणार नाही, पण ट्राम येण्याआधी स्टेशन ते गाव प्रवास कसा व्हायचा ते कळेल, म्हणून तेही वाचायचंच. ‘गावकरी’ पेपर १९३८ चा, म्हणजे ट्राम बंद झाल्यानंतरचा, त्यामुळे बंद पडल्याची बातमी त्यात मिळणार नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथली जुनी नियतकालिकं चाळायला हवीत. नगरपालिकेचे जुने ठराव सगळ्यात मोलाचे, कारण रस्त्यावर रूळ टाकायला आणि शेवटी उखडायला परवानगी लागलीच असणार. आणि सिटी सर्व्हेचे जुने नकाशे. उपनगर_नाका, नकाशे तुम्ही बघाल का? नासर्डीवर ट्राम कुठे ओलांडायची ते त्यातच कळेल.

---

उपनगर_नाका

बघतो. भूमी अभिलेखमध्ये आमचा एक नातेवाईक होता, अर्ज कसा करायचा ते त्याला विचारतो. नासर्डीच्या दोन्ही काठांवरचे गट नंबर आधी काढून ठेवतो, म्हणजे नेमके तेच नकाशे मागता येतील.

---

पंचवटीची_आजी

आमच्याकडे सासऱ्यांची एक लोखंडी पेटी आहे, जुनी पत्रं आणि पावत्या आहेत तिच्यात. माझा नातू दिवाळीला येणार आहे, त्याच्याकडून सगळं उघडून बघते. ट्रामचं तिकीट मिळालं तर इथे फोटो टाकायला सांगेन.